विश्लेषण : कांदिवलीच्या घरात लाखाचा ‘क्लोज्ड-बॅक’ हेडफोन किती कामाचा?

मुंबईच्या पश्चिम उपनगरात शांतता विकत घ्यायची म्हटलं तर पर्याय फार थोडे आहेत. कांदिवलीचंच उदाहरण घ्या. पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि त्याच्यावरून आकुर्ली, पोईसर अशी स्थानकं घेत जाणारी मेट्रो ७. पश्चिमेला न्यू लिंक रोडवरची मेट्रो २अ. मधोमध लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांचे रूळ. आणि दोन्ही बाजूंना जुन्या इमारती पाडून टॉवर उभारण्याचं काम. घरंही ऐसपैस नाहीत. चारकोपची वसाहत तर १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या योजनेत म्हाडाने छोट्या भूखंडांवर वसवलेली. अशा घरात एकाची ऑफिसची मीटिंग, दुसऱ्याचा अभ्यास आणि तिसऱ्याची मालिका एकाच वेळी चालते.

त्यामुळे ‘पैसे गेले तरी चालतील, पण बाहेरचं मला ऐकू येऊ नये आणि माझं घरच्यांना ऐकू जाऊ नये, असा हेडफोन कोणता?’ हा प्रश्न आता फक्त हौशी मंडळींचा राहिलेला नाही. दुकानदार याचं उत्तर एका शब्दात देतात : क्लोज्ड-बॅक. म्हणजे कानावरच्या कपाची मागची बाजू बंद असलेला हेडफोन. या प्रकारात दीड-दोन हजारांपासून थेट चार हजार डॉलरपर्यंतच्या वस्तू मिळतात. अडचण अशी की ज्या कारणासाठी कांदिवलीतला ग्राहक क्लोज्ड-बॅक शोधतो आणि ज्या कारणासाठी कंपन्या त्याचे लाख-दोन लाख रुपये लावतात, ती दोन कारणं एक नाहीत.

बंद आणि उघडा, फरक काय?

हेडफोनमधला पडदा म्हणजे ड्रायव्हर पुढे-मागे हलतो तेव्हा आवाज दोन्ही बाजूंना जातो. पुढचा आवाज कानात येतो, मागच्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. ओपन-बॅक हेडफोनमध्ये कपाला मागून जाळी असते आणि मागचा आवाज सरळ बाहेर सोडून दिला जातो. त्यामुळे गाणं मोकळं, डोक्याबाहेर पसरल्यासारखं वाटतं. पण शेजारी बसलेल्यालाही ते ऐकू येतं आणि बाहेरचा कुकर, हॉर्न, ड्रिल सगळं आत येतं. क्लोज्ड-बॅकमध्ये मागची बाजू बंद केली की ही ये-जा बऱ्याच अंशी थांबते.

मात्र मागे गेलेला आवाज नाहीसा होत नाही. तो कपाच्या भिंतीवर आपटतो, परत फिरतो आणि पडद्यातून पुन्हा कानाकडे येतो. कपाची आतली रुंदी पाच सेंटीमीटर धरली तर दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारी पहिली लहर साधारण साडेतीन हजार हर्ट्झची असते. दुर्दैवाने माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तोही याच पट्ट्यात, दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान. गायकाच्या शब्दांची स्पष्टता, हार्मोनियमची धार, तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारे वरचे स्वर यांचा मोठा भाग इथेच असतो. स्वस्त बंद हेडफोनवर गायिकेचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, त्याचं एक कारण हे.

खालच्या सुरांचं दुखणं वेगळं आहे. कपातली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला मोकळेपणी हलू देत नाही. मग कंपन्या छोटी छिद्रं ठेवतात, कपाचा आकार वाढवतात, किंवा शे-दोनशे हर्ट्झच्या आसपास एक फुगवटा राहू देतात. तो फुगवटा पहिल्या पाच मिनिटांत ‘काय दणका आहे!’ असा वाटतो. तासाभराने तबल्याच्या डग्ग्याची मींड आणि नुसती धमधम यातला फरक पुसला गेलेला असतो.

लाखभर रुपये नेमके कशावर खर्च होतात?

महागड्या क्लोज्ड-बॅक हेडफोनचा गेल्या काही वर्षांचा इतिहास म्हणजे या एका मागच्या आवाजाशी चाललेली झटापट आहे. प्रत्येक कंपनीने वेगळा डाव टाकला.

जर्मनीच्या सेनहायझरने २०१८ मध्ये एचडी ८२० आणला. कपाच्या पाठीवर वक्र गोरिला ग्लास लावली. मागचा आवाज काचेवरून एका ठरलेल्या दिशेला वळवायचा आणि तिथे ठेवलेल्या शोषक कप्प्यांत जिरवायचा, अशी कल्पना. किंमत सुमारे २,४०० डॉलर. फ्रान्सच्या फोकलने २०१९ च्या स्टेलियात बेरिलियम या अतिशय हलक्या आणि ताठ धातूचा पडदा वापरला, किंमत ३,००० डॉलर. जपानी डेनॉनने एएच-डी९२०० साठी बांबूचे कप केले, कारण लाकूड आणि बांबू प्लास्टिकसारखे झणझणत नाहीत. रुमानियाच्या मेझेने लिरिकसाठी युक्रेनमधल्या रिनारो या कंपनीचे सपाट, पातळ पडदे घेतले. अमेरिकेतल्या डॅन क्लार्क ऑडिओने २०२१ मध्ये स्टेल्थ या ४,००० डॉलरच्या हेडफोनमध्ये पडदा आणि कान यांच्या मध्येच बारीक नळ्या आणि पोकळ्यांची एक जाळी बसवली. नको असलेल्या लहरी वेचून मारणं हे तिचं काम. दोन वर्षांनी हेच तंत्र २,००० डॉलरच्या ई३ मध्ये आलं.

यातलं काहीही थोतांड नाही. स्टेल्थ किंवा स्टेलिया ऐकणाऱ्याला फरक कळतो. पण हिशेब नीट समजून घेतला पाहिजे : ग्राहक इथे जो पैसा मोजतो तो मुख्यतः कप बंद केल्यामुळे जे बिघडलं ते दुरुस्त करण्यासाठी मोजतो. ओपन-बॅक हेडफोनमध्ये ते मुळात बिघडतच नाही, म्हणून त्याच दर्जाचा आवाज तिथे बऱ्याच कमी पैशांत मिळतो. खोली शांत असेल, घरात दुसरं कुणी नसेल, तर लाखाचा क्लोज्ड-बॅक घेणं म्हणजे खिडक्या बंद करून एसी लावण्यासारखं आहे, बाहेर समुद्राचा वारा सुटलेला असताना.

कांदिवलीत समुद्राचा वारा सुटलेला नसतो, हा भाग वेगळा. म्हणून पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

कोणता आवाज अडवायचा आहे?

कागदावरचा कायदा कांदिवलीकरांच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत, राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्यातल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर निकाल देताना ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं स्पष्ट करून पोलिसांना कारवाईचे आदेश दिले. तरीही गणपती आणि नवरात्रात उपनगरात काय ऐकू येतं, हे सांगायला डेसिबल मोजण्याचं यंत्र लागत नाही.

हेडफोनच्या दृष्टीने सगळे आवाज सारखे नसतात. कान पूर्ण झाकणारा चांगला बंद हेडफोन हजार हर्ट्झच्या वरचा आवाज साधारण वीस ते तीस डेसिबलने कमी करतो. म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, फेरीवाल्याची हाळी, टाइल कापण्याच्या मशीनची किंचाळी, शेजारच्या खोलीतली मालिका, यांच्यावर तो प्रभावी आहे. पण दोनशे हर्ट्झच्या खाली त्याची ताकद संपते, तिथे जेमतेम काही डेसिबल कमी होतात. लोकलची घरघर, महामार्गावरच्या ट्रकची गुरगुर, पायलिंगचे ठोके, मिरवणुकीतल्या ढोलाचा आणि डीजेचा खालचा दणका हे सगळं बंद कपातूनही आरपार येतं. हे किमतीशी संबंधित नाही. कपाला काच असो, बांबू असो वा बेरिलियमचा पडदा, लांब लहरींना कशाचंच सोयरसुतक नसतं.

या खालच्या आवाजावर उपाय एकच, तो म्हणजे नॉइज कॅन्सलेशन. हेडफोनमधला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याची बरोबर उलटी लहर कानात सोडून तो रद्द करतो. एकसुरी, खालच्या आवाजावर हे तंत्र उत्तम चालतं, अचानक येणाऱ्या किंवा चिरक्या आवाजावर कमी. म्हणजे बंद कप जिथे कमी पडतो तिथे नॉइज कॅन्सलेशन कामाला येतं, आणि उलटही.

यातून एक विचित्र वाटणारी गोष्ट निघते. दोन-तीन लाखांच्या हेडफोनमध्ये नॉइज कॅन्सलेशन नसतंच. त्यामुळे निव्वळ शांतता हवी असेल तर भारतात ३९,९९० रुपयांना आलेला सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम६ किंवा ५९,९०० रुपयांना आलेला ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स हे एचडी ८२० ला सहज मागे टाकतात. एवढंच कशाला, बायरडायनॅमिकचा १९८५ पासून चालत आलेला, स्टुडिओत जगभर वापरला जाणारा डीटी ७७० प्रो बाहेरचा आवाज अडवण्यात कितीतरी पट महागड्या हेडफोनच्या बरोबरीने उभा राहतो.

किंमत वाढली की आवाज सुधारतो का?

२०१७ मध्ये येरून ब्रीबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन आणि इअरफोनची मोजमापं आणि त्यांच्या किमती शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. कोणते सूर किती मोठ्याने वाजतात याचा आलेख, ज्याला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात, आणि किंमत यांच्यात त्याला काहीच नातं सापडलं नाही. हा आलेख म्हणजे सर्वस्व नव्हे, पण हेडफोन कानाला कसा लागेल हे ठरवण्यात त्याचा वाटा सर्वांत मोठा आहे.

दुसरं काम हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांचं. ब्रँड आणि किंमत लपवून, निरनिराळ्या श्रोत्यांना ऐकवून त्यांनी लोकांना कोणता आवाज आवडतो हे शोधलं. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे वाजतात, त्याच्या जवळ जाणारा आवाज बहुतेकांना आवडतो, असा निष्कर्ष निघाला. त्यातून तयार झालेला ‘हरमन टार्गेट’ आज अनेक कंपन्या समोर ठेवतात. आणि तो गाठणारे काही हेडफोन पंचवीस हजारांच्या आत मिळतात.

मग वरचा पैसा जातो कुठे? साहित्य, हाताने केलेली जुळणी, कमी संख्येतलं उत्पादन, बारकाव्यांची स्पष्टता, आरामदायी गादी आणि अर्थातच नाव. यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांना किंमत असते. पण पंधरा हजारांवरून चाळीस हजारांवर जाताना जेवढा फरक ऐकू येतो, तेवढा एक लाखावरून तीन लाखांवर जाताना येत नाही. विक्रेते हे क्वचितच सांगतात, सांगतील अशी अपेक्षाही नाही.

नाव जुनं, मालक नवे

या नावांच्या मागचे मालकही गेल्या चार-पाच वर्षांत झपाट्याने बदलले. सेनहायझर कुटुंबाने आपला ग्राहकोपयोगी हेडफोनचा व्यवसाय २० कोटी युरोंना स्वित्झर्लंडच्या सोनोव्हा कंपनीला विकला आणि मार्च २०२२ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. सोनोव्हाचा मूळ धंदा फोनॅकसारख्या श्रवणयंत्रांचा. आयुष्यभर मोठ्याने गाणी ऐकणाऱ्यांचा पुढचा थांबा कुठे असतो, हे त्या कंपनीला चांगलंच माहीत असणार! व्यावसायिक स्टुडिओची उपकरणं आणि न्यूमन हा ब्रँड मात्र कुटुंबाकडेच राहिला. म्हणजे दुकानात शेजारी ठेवलेल्या, एकच नाव असलेल्या दोन हेडफोनच्या मागे दोन वेगळ्या कंपन्या असू शकतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन विभागाने कॅलिफोर्नियाच्या ऑडीझीला ताब्यात घेण्याची घोषणा केली. १९२४ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेली बायरडायनॅमिक जून २०२५ च्या घोषणेनुसार चीनच्या कोसॉनिककडे गेली, किंमत १२ कोटी २० लाख युरो. त्याच वर्षी सॅमसंगच्या मालकीच्या हरमनने ३५ कोटी डॉलर मोजून बॉवर्स अँड विल्किन्स, डेनॉन, मरांट्झ ही नावं एका झटक्यात घेतली. एकेजी, जेबीएल आणि मार्क लेव्हिन्सन तिच्याकडे आधीपासून होतीच.

मालक बदलला म्हणून आवाज लगेच बिघडतो असं नाही. प्रश्न सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा आहे. लाखाचा हेडफोन दहा वर्षं वापरायचा हिशेब असतो. त्या काळात कानाच्या गाद्या दोन-तीनदा, केबल एकदा तरी आणि कदाचित एखादा ड्रायव्हर बदलावा लागतो. दुकानात उभं राहून ‘याच्या गाद्या भारतात मिळतात का, किती रुपयांना, किती दिवसांत?’ एवढं विचारलं तरी अर्धी निवड होऊन जाते. डीटी ७७० चा इथे मोठा फायदा आहे. त्याचे भाग चाळीस वर्षांपासून जवळपास तेच आहेत आणि घरच्या घरी बदलता येतात. वायरलेस हेडफोनची बाजू सर्वांत लंगडी. त्याची बॅटरी काही वर्षांत थकते आणि अनेक मॉडेलमध्ये ती बदलणं ग्राहकाच्या हातात नसतं. साठ हजारांचा वायरलेस आणि साठ हजारांचा वायरचा हेडफोन यांची किंमत सारखी दिसते, वर्षाला पडणारा खर्च मात्र सारखा नसतो.

डॉलरची किंमत आणि बिलावरची किंमत

परदेशी समीक्षेत ३५० डॉलर दिसतात आणि इथे भलताच आकडा समोर येतो, याचं कारण करांत आहे. हेडफोनवर १८ टक्के जीएसटी लागतो. एक लाखाच्या बिलात १५,२५४ रुपये नुसता जीएसटी असतो. त्याच्या आधी आयात शुल्क भरलेलं असतं आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ते वाढवलं गेलं. हेतू देशी उत्पादनाला चालना देण्याचा होता. स्वस्त इअरबड आणि हेडफोनच्या बाबतीत भारतात जुळणी वाढलीही, पण फोकल किंवा डॅन क्लार्कसारख्या कंपन्या वर्षाला मोजकेच नग विकतात. त्यांनी कारखाना इथे आणावा एवढी बाजारपेठ नाही.

मग ग्रे मार्केटचा मोह होतो. लॅमिंग्टन रोडपासून ऑनलाइन विक्रेत्यांपर्यंत ‘सेम पीस, पंधरा हजार कमी’ अशी भाषा ऐकू येते. अशा वस्तूवर कंपनीची भारतातली वॉरंटी बहुधा लागू होत नाही, आणि लोकप्रिय मॉडेलच्या नकला इतक्या हुबेहूब असतात की खोक्यावरून ओळखता येत नाहीत. एक साधी तपासणी करता येते. कायद्यानुसार आयात केलेल्या वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश छापलेला असावा लागतो. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. वायरलेस हेडफोनवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक हवा. हे स्टिकर नसेल तर पंधरा हजार वाचले नाहीत, पणाला लागले आहेत.

चष्मा, घाम आणि जुलै महिना

युरोपातल्या थंड खोलीत लिहिलेल्या समीक्षांमध्ये एक गोष्ट जवळपास कधीच नसते : मुंबईची हवा. बंद कपात कान कोंडले जातात आणि मे महिन्यात पंख्याखाली अर्ध्या तासात घाम येतो. कृत्रिम लेदरच्या गाद्या दमट हवेत दोन-तीन वर्षांत सोलपटायला लागतात आणि काळे कण कानाला चिकटतात. पावसाळ्यात खऱ्या लेदरला बुरशी धरते. मखमलीसारख्या कापडी गाद्या गरम कमी होतात, पण आवाज थोडा कमी अडवतात आणि धूळ खातात. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवणं हा कंटाळवाणा पण खरा उपाय आहे.

चष्मा हा दुसरा दुर्लक्षित मुद्दा. गादी आणि डोकं यांच्यात चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली की खालचे सूर गळून जातात. ओपन-बॅकवर याचा परिणाम कमी होतो, क्लोज्ड-बॅकवर फार. तोच हेडफोन चष्मा नसलेल्या मित्राला ‘भरदार’ वाटतो आणि चष्मेवाल्याला ‘पातळ’, आणि दोघंही खरं बोलत असतात. वजनाचंही तसंच. डीटी ७७० सुमारे २७० ग्रॅम, एचडी ८२० ३६० ग्रॅम, एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅम, स्टेलिया ४३५ ग्रॅम. दुकानातल्या दहा मिनिटांत शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक जाणवत नाही. सलग तीन मीटिंग झाल्यावर मान तो सांगते.

मग घ्यायचा कोणता?

सगळ्यांना लागू पडेल असं एक नाव नाही, पण परिस्थितीनुसार कल स्पष्ट आहे. ज्याचं घर रुळांजवळ, महामार्गालगत किंवा चालू बांधकामाच्या शेजारी आहे, त्याने नॉइज कॅन्सलेशन असलेलाच घ्यावा. चाळीस हजारांच्या सोनीनंतर आणखी पैसे खर्च करायचे असतील तर फोकलचा बाथिस हा विचार करण्याजोगा आहे. तो वायरलेस आहे, नॉइज कॅन्सलेशन आहे आणि यूएसबी केबल लावली की ब्लूटूथची मर्यादा ओलांडून वाजतो.

ज्याच्या घरात बाहेरच्यापेक्षा घरातलाच गलबला जास्त आहे, त्याला वायरचा क्लोज्ड-बॅक पुरतो आणि दीर्घकाळ टिकतो. वीस हजारांच्या आत डीटी ७७० प्रो. त्याच्या वर २०२४ मध्ये आलेला सेनहायझर एचडी ६२०एस, जो बंद असूनही बऱ्यापैकी मोकळा वाटतो. लाकडी कप आणि किंचित गोड, फुगीर आवाज आवडत असेल तर मेझे ९९ क्लासिक्स, फक्त २६० ग्रॅमचा. मात्र ओहमचा आकडा पाहून घ्यायला हवा. एचडी ६२०एस १५० ओहमचा आहे, डीटी ७७० चा एक प्रकार २५० ओहमचा. बहुतेक नव्या फोनना हेडफोनची पिनच उरलेली नाही, त्यामुळे यूएसबीला लावायचा छोटा डॅक वेगळा घ्यावा लागतो. याउलट तीन हजार डॉलरचा स्टेलिया ३५ ओहमचा असल्याने साध्या डोंगलवरही व्यवस्थित वाजतो.

आणि लाखाच्या वरचे? ते त्याने घ्यावेत ज्याच्या घरात सोबत माणसं आहेत, पण रात्री अकरानंतर खोली बऱ्यापैकी शांत होते, जो रोज दोन तास फक्त ऐकतो, दुसरं काही करत नाही, आणि ज्याने तो हेडफोन स्वतःच्या कानांवर तासभर ठेवून पाहिला आहे. कांदिवलीत असे लोक नक्कीच आहेत. जाहिरातींना वाटतं तितके नाहीत.

ऐकून पाहताना

दुकानातली चाचणी बहुतेकदा दणकेबाज इंग्रजी गाण्यावर उरकली जाते. त्याऐवजी ओळखीचं संगीत न्यावं. नुसता तानपुरा दोन मिनिटं ऐकला तर कपातली घूम लगेच पकडता येते, कारण जवारीतले काही स्वर अचानक पुढे येतात किंवा गायब होतात. डग्ग्याच्या घुमाऱ्यावरून खालचे सूर कळतात. वाद्यमेळ तपासायला ‘सैराट’ची गाणी चांगली, त्यातल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झालेलं आहे. व्हायोलिनचा ताफा एकाच गठ्ठ्यासारखा वाटतो की सुटा, हे बघावं. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा लावून घ्यायला हवा. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन हमखास ‘जास्त चांगला’ वाटतो, ही कानाची जुनी फसगत आहे. चष्मा लावत असाल तर लावूनच ऐका.

आवाज किती मोठा ठेवता, याकडेही चाचणीतच लक्ष द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मर्यादेनुसार ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४ तास. बाहेर ७० डेसिबलचा गोंगाट असताना ओपन-बॅकवर गाणं ८० च्या वर न्यावंच लागतं. बंद कपाने किंवा नॉइज कॅन्सलेशनने तोच गोंगाट वीस डेसिबलने खाली आणला, तर ६० ते ६५ वर तेच गाणं तितकंच स्पष्ट ऐकू येतं. फोनमध्ये आता हेडफोनचा सरासरी आवाज दाखवणारी सोय असते. नवा हेडफोन आल्यावर आठवडाभराने तो आकडा जुन्याशी ताडून पाहावा. खाली आला नसेल, तर सात ते दहा दिवसांची परत करण्याची मुदत अजून शिल्लक आहे का, हे बिलावर तपासून घ्यावं.